गप्पी: नर-मादी ओळखायची कशी आणि एका टाकीत नांदवायची कशी

गेल्या पावसाळ्यात शेजारचा आठवीतला मुलगा लोणच्याची रिकामी बरणी छातीशी धरून दारात उभा राहिला. बरणीत सहा गप्पी मासे. "मावशी, ही एकमेकांना मारतायत बघा की. दुकानदारानं तीन जोड्या म्हणून दिल्यात. लाल असतो तो नर, निळी ती मादी म्हणाला."

बरणी उजेडात धरली. तीन जोड्या कुठल्या, पाच नर आणि एक मादी होती. मादी तळाशी पर मिटून बसलेली, आणि पाचही नर आळीपाळीनं तिच्या पोटाखाली घुसत होते. दोन नरांच्या शेपट्यांच्या चिंध्या झालेल्या. मादीला मी हायड्रिला ही पाणवनस्पती टाकलेल्या बादलीत एकटी ठेवली. चौथ्या दिवशी ती खायला लागली आणि दहाव्या दिवशी बादलीत वीसेक पिल्लं फिरत होती.

बेळगावच्या वडगावात आमच्या घरी बरीच वर्षं गप्पी आहेत आणि लोक तक्रार घेऊन येतात ती बहुधा हीच: "मासे भांडतात." पाणी बदलून, औषधं घालून, दिवे बंद करून झालेलं असतं. नर किती आणि माद्या किती, हे मात्र कुणी मोजलेलं नसतं. म्हणून आधी ओळखायला शिकू, मग मोजू, मग टाकी लावू.

रंगाकडे नको, पोटाखाली बघा

मासा टाकीत पळत असताना ओळखायच्या भानगडीत पडू नका. जाळीनं अलगद उचलून पारदर्शक, सपाट बाजूच्या डब्यात टाकीतलंच पाणी घेऊन त्यात सोडा. मिठाईचा प्लास्टिकचा चौकोनी डबा उत्तम. गोल ग्लासात आकार वाकडा दिसतो. डब्यामागे पांढरा कागद धरा, बाजूनं मोबाईलची बॅटरी लावा आणि मिनिटभर थांबा. मासा शांत झाला की बाजूनं फोटो काढून मोठा करून बघा. पळत्या माशात जे दिसत नाही ते फोटोत स्वच्छ दिसतं.

आता पाठीवरचा पर सोडा, शेपटी सोडा. पोट जिथं संपतं आणि शेपटीकडचा निमुळता भाग सुरू होतो, तिथं खालच्या बाजूला एक लहान पर असतो. सगळं उत्तर त्यात आहे. मादीत तो उघडलेल्या लहान पंख्यासारखा असतो, तिकोनी, पोहताना पसरणारा. नरात तो पंखा नसतोच. तिथं एक बारीक, लांबट, टोकदार काडी पोटाला समांतर मागं वळलेली दिसते. हिला गोनोपोडियम म्हणतात. त्याच पराचे तिसरा, चौथा आणि पाचवा असे काटे लांबून, एकमेकांशी जुळून हे इंद्रिय तयार होतं. नर ते पुढं आणि बाजूला वळवू शकतो. गप्पी अंडी घालत नाहीत, पिल्लांना जन्म देतात, त्यामुळे फलन मादीच्या पोटातच व्हावं लागतं आणि त्यासाठी ही काडी. पंखा दिसला तर मादी, काडी दिसली तर नर. पूर्ण वाढलेल्या माशात ही खूण फसवत नाही.

रंग मात्र सर्रास फसवतो. रानातल्या किंवा डासांसाठी आरोग्य खात्याकडून मिळणाऱ्या साध्या गप्पींत मादी राखाडी आणि नर ठिपक्याठिपक्यांचा, तिथं रंगावरून काम भागतं. पण दुकानातल्या निवडून वाढवलेल्या जातींत मादीची शेपटीही लाल, निळी, काळी असते. शेजारच्या मुलाच्या दुकानदारानं लाल-निळ्याचा हिशेब सांगितला, त्याला काही आधार नाही. दोन नर लाल आणि निळे असू शकतात, दोन माद्याही असू शकतात.

बाकीच्या खुणा ताळा करायला वापरा. नर सडसडीत, साधारण अडीच ते साडेतीन सेंटिमीटर. वयात आला की त्याची वाढ जवळजवळ थांबते. मादी पुढंही वाढत राहते, चार ते सहा सेंटिमीटरपर्यंत जाते आणि पोटाला गोलाई असते. मादीच्या पोटाच्या मागच्या टोकाशी, त्या पंख्याच्या थोडं वर, एक गडद डाग दिसतो. त्याला गर्भखूण म्हणू. पिल्लं वाढत गेली की तो मोठा आणि काळसर होतो. सोनेरी किंवा लाल डोळ्यांच्या पांढऱ्या जातींत हाच डाग फिकट नारिंगी असतो आणि नवख्याच्या नजरेतून सुटतो. म्हणून डाग नाही एवढ्यावरून नर ठरवू नका, परत पराकडेच या.

नावाबद्दल मुलं विचारतात म्हणून सांगते. गप्पी या नावाचा आपल्या गप्पांशी संबंध नाही. रॉबर्ट जॉन लेचमियर गप्पी नावाच्या गृहस्थानं त्रिनिदाद बेटावरून हे मासे लंडनच्या ब्रिटिश म्युझियमला पाठवले आणि १८६६ साली त्याच्यावरून माशाला नाव दिलं गेलं. शास्त्रीय नाव आज पोसिलिया रेटिक्युलाटा आहे, पण गप्पी हे नाव चिकटलं ते चिकटलंच.

पिल्लांत ओळखायचं तर घाई आणि धीर दोन्ही लागतात

घाई यासाठी की नर सात-आठ आठवड्यांत वयात येतात, काही त्याआधीही, आणि सख्खी बहीण आहे की कोण हे ते बघत नाहीत. धीर यासाठी की तीन आठवड्यांच्या आत खात्रीनं काही सांगता येत नाही.

मी असं करते. तिसरा आठवडा संपला की दर रविवारी सगळी पिल्लं त्या डब्यात चार-चार घेऊन बघते. या वयात माद्यांच्या पोटामागचा डाग आधी दिसू लागतो, नरांत तो नसतो. चौथ्या-पाचव्या आठवड्यात नराच्या खालच्या पराचं टोक लांबट व्हायला लागतं. पूर्ण काडी झालेली नसते, पण पंखाही राहिलेला नसतो. असा एक जरी दिसला तरी तो लगेच दुसऱ्या भांड्यात. रंग यानंतर चढतो. रंग दिसेपर्यंत थांबलात तर उशीर झाला असं समजा.

एवढं करूनही एखादा उशिरा उमलणारा नर माद्यांत राहून जातो. तीन महिन्यांचा होईपर्यंत तो मादीसारखाच दिसतो आणि एक दिवस माद्यांच्या टाकीत पिल्लं सापडतात. म्हणून वेगळ्या केलेल्या माद्याही तीन महिने दर आठवड्याला पुन्हा तपासायच्या.

विकत घेताना

आमच्याकडच्या दुकानांत बरेचदा नर आणि माद्या वेगळ्या टाक्यांत असतात, कारण नर देखणे म्हणून जास्त खपतात. "जोडी द्या" म्हणू नका, "दोन नर, पाच माद्या द्या" असं आकड्यानं सांगा. दुकानातला पोरगा कन्नड बोलणारा असेल तर "हेण्णु मीनु बेकु" म्हणजे मादी हवी, एवढं पुरतं. पिशवीत भरल्यावर पैसे देण्याआधी पिशवी डोळ्यांसमोर धरून प्रत्येकाचा खालचा पर बघा. दुकानदार रागावत नाही, उलट पुढच्या वेळी नीट मोजून देतो.

आणि एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवा. दुकानातून आणलेली मोठी मादी जवळजवळ नेहमीच गाभण असते. मादी नराचं वीर्य पोटात कित्येक महिने साठवून ठेवते आणि एकदाच झालेल्या संगातून पाठोपाठ अनेक वेळा पिल्लं देते. "मी फक्त माद्या आणल्या, तरी पिल्लं कशी?" याचं उत्तर हे आहे.

किती नर, किती माद्या

एका नरामागं किमान दोन, शक्यतो तीन माद्या. याचं कारण नराच्या वागण्यात आहे. तो दिवसाचा बराच वेळ माद्यांच्या मागं असतो. समोर येऊन अंग इंग्रजी एस अक्षरासारखं वाकवून थरथरतो, ते त्याचं आर्जव. मादी मात्र सहसा पहिल्यांदा वयात आल्यावर आणि प्रत्येक वेळी पिल्लं दिल्यानंतरचे मोजके दिवसच राजी असते. एरवी ती टाळते, आणि मग नर आर्जव सोडून मागून, खालून अचानक घुसतो. एकटी मादी असेल तर हा सगळा जाच तिच्या एकटीवर येतो. ती खात नाही, फिल्टरमागं लपते आणि झिजून मरते. माझी पहिली मादी अशीच गेली. चार नरांत ती एकटी होती आणि पंधरा दिवसांत संपली. आजार समजून मी पाण्यात औषध ओतत बसले होते, आणि ते आजही मला लागतं.

आता हिशेब करू. दोन फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच टाकीत काठोकाठ ५५ लिटरच्या आसपास पाणी मावतं; वाळू, दगड आणि वरची मोकळी जागा धरली तर ४५. यात दहा-बारा मोठे गप्पी सुखानं राहतात. तीन नर आणि आठ माद्या ठेवल्या, तर मादी साधारण चार आठवड्यांनी पिल्लं देते, एका वेळी वीस-तीस, मोठी मादी त्याहून जास्त. आठ माद्यांची महिन्याला दोनशे पिल्लं सहज होतात. निम्मी मोठ्यांनी खाल्ली तरी शंभर उरतात. हा आकडा मनात धरून मगच नर-मादी एकत्र ठेवायचं ठरवा.

नवीन शिकणाऱ्याला माझा सल्ला विचाराल तर पहिलं वर्ष फक्त नर ठेवा. रंग तेच, पिल्लांची चिंता नाही. पण दोन-तीन नर ठेवू नका. त्यात एक दादा होतो आणि सगळ्यात दुबळ्याची शेपटी कुरतडत राहतो. सात-आठ असले की त्याचा रोख विखुरतो. आणि नरांच्या टाकीत "शोभेला" म्हणून एकही मादी सोडू नका, त्या क्षणी सगळी शांतता संपते. फक्त माद्यांची टाकी सगळ्यात शांत, मात्र आणलेल्या माद्या आधीच गाभण असल्यानं पुढचे काही महिने पिल्लं येत राहतील आणि त्यातले नर वेचून काढावे लागतील.

आपल्या भागातलं पाणी

गप्पीला किंचित जड, खनिजं असलेलं पाणी मानवतं. पीएच ७ ते ८, तापमान २४ ते २७ अंश. आपल्या सीमाभागात इथंच दोन टोकं आहेत. खानापूर आणि पश्चिमेकडच्या जांभ्या दगडाच्या पट्ट्यात विहिरीचं पाणी हलकं, थोडं आम्लाकडे झुकणारं. तिथं गप्पी पर मिटून, अंग हलवत एका जागी थरथरताना दिसतात. पूर्वेला गोकाक, रायबाग, अथणीकडं काळ्या मातीतल्या बोअरचं पाणी जड. गप्पीला ते बहुधा चालतं, काचेवर पांढरा थर धरतो इतकंच. बेळगाव शहरात राकसकोप आणि हिडकलचं पाणी नळाला येतं, त्यात क्लोरीन असतं.

नळाचं पाणी उघड्या बादलीत २४ तास ठेवा, किंवा दुकानात मिळणारं अँटिक्लोरीन बाटलीवरच्या मापानं घाला. हलक्या पाण्यावर घरगुती उपाय तिसऱ्यांच्या शिंपल्यांचा. तिसऱ्यांचं कालवण झालं की मूठभर शिंपले घासून, मीठ-मसाल्याचा अंशही न ठेवता धुऊन, पाण्यात उकळून, उन्हात वाळवून टाकीच्या तळाशी किंवा फिल्टरपाशी ठेवा. शिंपले म्हणजे चुनाच. पाणी आम्लाकडे गेलं की ते हळूहळू विरघळतात आणि पाणी सावरतात. पीएच मोजायच्या पट्ट्या दुकानात मिळतात. आधी मोजा, मग शिंपले घाला, आठवड्यानं पुन्हा मोजा.

नवी टाकी भरली की लगेच दहा मासे सोडू नका. माशांच्या घाणीतून अमोनिया होतो. त्याचं आधी नायट्राइट आणि मग सौम्य नायट्रेट करणारे जिवाणू फिल्टरच्या स्पंजात वसायला चार ते सहा आठवडे लागतात. ओळखीच्या कुणाच्या चालू टाकीतला वापरलेला स्पंज मिळाला तर हे काम लवकर होतं. पुढं दर आठवड्याला पाव हिस्सा पाणी बदला, आणि स्पंज नळाखाली नव्हे, टाकीतून काढलेल्या पाण्यात पिळा.

डिसेंबर-जानेवारीत बेळगावात पहाटे पारा १४ अंशांच्या आसपास उतरतो, जुन्या कौलारू घरात तर टाकीही गार पडते. ५० वॉटचा हीटर या टाकीला पुरतो. पावसाळ्यात लाईट गेली तर घाबरू नका. मासे कमी असतील तर काही तास निघतात. त्या वेळात खायला मात्र घालू नका.

टाकी अशी लावा की मादीला दिसेनासं होता येईल

रिकाम्या काचेच्या पेटीत पाठलाग संपत नाही, कारण नजर तुटत नाही. टाकीची मागची बाजू आणि एक कोपरा दाट झाडांनी भरा. हायड्रिला, जावा मॉस, गप्पी ग्रास, यातलं काहीही. वर तरंगणारी झाडंही हवीत, कारण पिल्लं पृष्ठभागाकडे धाव घेतात. मधोमध एखादा मोठा दगड किंवा उलटं फुटकं मडकं ठेवलं की टाकीचे दोन भाग होतात आणि इकडच्या नराला तिकडची मादी दिसत नाही. फिल्टर स्पंजचाच, हळू चालणारा. जोरदार प्रवाहात लांब शेपटीचे नर थकतात आणि पिल्लं आत ओढली जातात.

खाणं दिवसातून दोनदा, दीड-दोन मिनिटांत संपेल एवढंच, आणि टाकीच्या दोन्ही टोकांना एकाच वेळी टाका. नर एका टोकाला गुंतले की माद्यांना दुसरीकडं निवांत खाता येतं. ही साधी युक्ती आहे, पण माद्यांच्या तब्येतीत महिन्याभरात फरक दिसतो. आठवड्यातून एकदा उकडून सालं काढलेला हिरवा वाटाणा चिमटीनं कुस्करून द्या.

पाठलाग कधी चालू द्यायचा, कधी थांबवायचा

नर मागं लागतो, मादी झटकन वळते, पाच मिनिटांनी दोघं वेगवेगळी चरतायत, हे रोजचंच आहे. मादी पर मिटून एकाच कोपऱ्यात राहते, दोन वेळचं खाणं सोडते, श्वास भरभर घेते, किंवा कुणाची शेपटी दिवसागणिक कमी होत चालली आहे, तर त्याच दिवशी हात घाला.

आधी पुन्हा मोजा. नर जास्त असतील तर जादा नर काढा, माद्या वाढवायला धावू नका, कारण टाकी तेवढीच आहे. गणित बरोबर असून एकच नर त्रास देत असेल तर त्याला चार दिवस बाहेर ठेवा आणि तेवढ्यात दगड-झाडांची जागा बदला. परत आल्यावर त्याचा ठरलेला कोपरा राहिलेला नसतो आणि बहुतेक वेळा जोर ओसरतो. तरी नाही ऐकला तर तो कायमचा नरांच्या टाकीत.

दुसऱ्या जातीचे मासेही कधी कारण असतात. टायगर बार्ब शेपट्या तोडतात, फायटर हा नर गप्पीच्या लांब शेपटीला दुसरा फायटर समजतो, एंजल मोठा झाला की गप्पी गिळतो. प्लाटी आणि कोरिडोरास यांच्याशी मात्र जमतं.

बाळंतपण

दिवस भरत आले की मादीचं पोट गोल न राहता पुढून चौकोनी दिसतं, डाग काळा होतो, ती एकटी राहते. बाजारात पिल्लांसाठी छोटी पेटी मिळते, त्यात मादीला आठ-आठ दिवस कोंडू नका. भीतीनं ती अडते. मी तिला झाडं भरलेल्या दहा लिटरच्या बादलीत एकटी ठेवते, छोटा स्पंज फिल्टर लावून. पिल्लं झाली की तिला बाहेर काढायचं, नाहीतर तीही खाते. पण थेट मोठ्या टाकीत नको! पिल्लं दिल्यानंतर नर तिच्यामागं सगळ्यात जास्त लागतात, आणि ती तेव्हा सगळ्यात दमलेली असते. दोन-तीन दिवस वेगळी, चांगलं खाऊ घालून, मग परत. मोठ्या टाकीतल्या निम्म्या भांडणांवर मला या तीन दिवसांनी उतारा मिळाला.

जास्तीची पिल्लं

ओळखीत द्या, दुकानदाराला विचारा, घरच्या हौदात डासांच्या अळ्या खायला सोडा. पण मलप्रभा, मार्कंडेय, घटप्रभा, कपिलेश्वर तलाव, किल्ला तलाव, खानापूरकडचे ओढे, यांत एकही गप्पी सोडू नका. एक गाभण मादी पुरेशी असते. गप्पी इथला मासा नव्हे; तो स्थानिक लहान माशांचं अन्न आणि जागा घेतो. कणकुंबी-भीमगडच्या जंगलातले ओढे अजून स्वच्छ आहेत, ते तसेच राहायला हवेत. हौदाचं पाणी गटारातून ओढ्याला जात असेल तर तोंडाला बारीक जाळी बांधा.

आणि स्वतःच्याच पिल्लांत पिढ्यान् पिढ्या चालवू नका. भाऊ-बहिणींतून तिसऱ्या-चौथ्या पिढीला पाठीत बाक येऊ लागतो, पिल्लं कमी होतात. दोन पिढ्यांनी नवीन नर बाहेरून आणा आणि दोन आठवडे वेगळ्या भांड्यात ठेवून मगच माद्यांत सोडा. पिशवी आधी वीस मिनिटं पाण्यावर तरंगत ठेवायची, मग थोडं थोडं टाकीचं पाणी तिच्यात घालायचं, आणि शेवटी मासा जाळीनं उचलून घ्यायचा. पिशवीतलं पाणी मोरीत. माझी भाची खानापूरला असते. दर दिवाळीला तिचे दोन नर इकडं येतात आणि माझे दोन तिकडं जातात. शेजारचा मुलगाही यंदा तिसरा वाटेकरी झाला आहे. बरणी घेऊन येतो तेव्हा नर किती, माद्या किती हे आता तोच आधी सांगतो.